मंगळवारचे तेवीस जण

"घरात कुणाचे डोळे आलेले नाहीत, शेजारीही नाहीत. मग मलाच कुठून आले, सिस्टर?" शिंपीकाका खुर्चीत टेकत म्हणाले. डावा डोळा लालभडक, उजवा त्याच वाटेवर.

सिस्टरांनी हातमोजे चढवले. दोन दिवसांतला हा पाचवा रुग्ण. "याआधी कधी आला होतात, काका?"

"गेल्या मंगळवारी. डोळ्यांतला दाब बघायला. तुम्हीच तर बघितलात."

जेवणाच्या सुट्टीत सिस्टरांनी डबा न उघडता रजिस्टर उघडलं. पाचही नावं त्याच मंगळवारची. सगळ्यांत वर एक कंडक्टर होता. त्याच्या डोळ्याला पाणी येत होतं. जागरण झालंय, म्हणाला होता. त्याच्यामागे बावीस जण. दाब मोजायच्या यंत्राचं टोक प्रत्येकाच्या बुबुळाला टेकतं. दर रुग्णानंतर ते औषधाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचं असतं. त्या दिवशी दारापर्यंत रांग होती. सिस्टरांनी ते स्पिरिटच्या बोळ्याने नुसतं पुसलं होतं. एवढ्याने हा विषाणू मरेलच असं नाही, हे एकतीस वर्षांत त्यांनीच कितीतरी नव्या नर्सना शिकवलं होतं.

सिस्टरांनी डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं.

"साथ सगळीकडेच आहे," डॉक्टर म्हणाले. "कुणाला कुठून लागण झाली, कोण सांगणार?"

"मी सांगणार."

"चार महिन्यांनी रिटायर होताय. कशाला अंगावर ओढवून घेताय?"

"अंगावरच आहे, डॉक्टर. ओढायचं काय त्यात?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "आठवडाभर तपासणी बंद. सगळं धुऊन काढा."

पुढच्या तीन संध्याकाळी सिस्टर तेवीस घरं फिरल्या. प्रत्येक दारात आधी एकच वाक्य, "चूक माझ्या हातून झाली." चौदा जणांना काहीच झालं नव्हतं. एका आजींनी काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. "माझ्याकडे बघू नका, तुम्हालाही येतील."

"बघून येत नाहीत हो आजी, हाताने येतात. डोळा चोळू नका, टॉवेल आणि उशी वेगळी ठेवा. दुसऱ्याचे थेंब घालू नका. या विषाणूवर औषध नाही, पंधरा दिवसांत आपला आपणच जातो."

एका आईने मात्र उंबऱ्याबाहेरच उभं केलं. डोळे आल्यामुळे लेकीची परीक्षा बुडाली होती. ती बोलत राहिली, सिस्टर ऐकत राहिल्या. मधे एकदाही "पण" म्हणाल्या नाहीत.

पंधरवड्यात बाकी सगळे बरे झाले. शिंपीकाकांची लाली गेली, पण बुबुळांवर बारीक डाग राहिले. जातील, पण काही महिने लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांना समोरचं धुक्यातून बघितल्यासारखं दिसत होतं.

"राग नाही, सिस्टर," ते म्हणाले. "मशीन सवयीने चालतं. पण हातशिलाईच्या सुईत दोरा जाईना."

दुसऱ्या दिवसापासून ड्यूटी संपली की सिस्टर दुकानात जाऊ लागल्या. हात धुवायच्या, चष्मा लावायच्या, वीस सुया ओवून कापडावर ओळीने टोचून ठेवायच्या आणि घरी जायच्या.

निवृत्तीच्या दिवशी भाषणं लांबली. त्या काकांच्या दुकानात पोचल्या तेव्हा आजूबाजूची दुकानं बंद होत होती. काकांनी स्टूल पुढे सरकवलं, दिवा थोडा खाली ओढला.