शाळेत पाणी भरणारी कावड

मित्रांनो, मी एक जुनी कावड आहे. दोन टोकांना दोरीची शिंकी, शिंक्यांत तांब्याच्या दोन घागरी आणि मधे मी, वाकलेला वेळू. वाकलेली आहे म्हणून मला कोणी बिचारी समजू नये.

वेल्ह्याच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावर नाथा धनगराने मला तासले. त्याचा मुलगा बिरू भोरच्या इंग्रजी शाळेत शिकायला निघाला होता. मेंढरांवर कसेबसे घर चाले. भोरातल्या राहण्याखाण्याचे काय? म्हणून बिरूने शाळेतच पाणी भरण्याचे काम पत्करले. सकाळी मला खांद्यावर घेऊन तो नीरा नदीवरून खेपा घाली, शाळेचे रांजण भरी, अंग पुसून सदरा चढवी आणि वर्गात जाऊन बसे.

मुले त्याला ‘पाणक्या’ म्हणत. गणिताच्या तासाला त्याला डुलकी लागे. खोटे कशाला सांगू, एका वर्षी तो गणितात नापास झाला.

मुख्याध्यापक म्हणाले, “बिरू, पाणी भर, नाही तर शीक. दोन्ही जमायचं नाही. तुझे वार लावून देतो. रोज एका घरी जेव आणि अभ्यास कर.”

“नगं गुरुजी,” बिरू म्हणाला. “लोकांच्या वसरीवर ताटाची वाट बघत बसणं माज्याच्यानं व्हायचं न्हाई. म्या पाणी भरीन आन् शिकीन बी.”

पुढच्या वर्षी तपासणीचे साहेब यायचे ठरले. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी बिरूला बजावले, “उद्या ती कावड दिसता कामा नये. आपला विद्यार्थी मजुरी करतो, हे बरं दिसत नाही.”

बिरूने मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याने मला वर्गाच्या मागच्या खिडकीबाहेर भिंतीला टेकवले आणि धुतलेला सदरा घालून तो जागेवर बसला. रांजण कोरडे! उन्हे चढली, मुलांचे घसे सुकले. साहेबांनी पाणी मागितले, तर शिपाई रिकामा तांब्या घेऊन परतला.

“बिरू, पाणी का नाही भरलंस?” मुख्याध्यापक कडाडले.

“गुरुजी, कावड दिसू नये म्हणून तुमीच सांगितलं. कावडीबिगर पाणी यायचं कसं?”

 आता याचे शाळेतले नाव कापणार, असे मला वाटले.

“हा मुलगा पाणी भरतो?” साहेबांनी विचारले.

“व्हय साहेब. हितंच शिकतो आन् हितंच पाणी भरतो. आता बी आणतो, पर लपूनछपून न्हाई. पुढल्या दारानं आणीन.”

आणि आम्ही पुढल्या दारानेच आलो! साऱ्या शाळेदेखत, घागरी हिंदकळवत.

साहेब पाणी प्याले. “कामामुळे अभ्यास मागं पडतो ना रे?”

“पडतो. पर काम सोडलं तर शाळाच सुटंल.”

साहेबांनी तांब्या खाली ठेवला. मग मुख्याध्यापकांना म्हणाले, “याचं काम काढू नका. निम्म्या खेपा शिपायाला करू द्या.”

त्या वर्षी बिरू गणितात पास झाला. काठावरच, पण झाला. पुढे मार्गासनी गावच्या शाळेत तो मास्तर झाला.

मित्रांनो, शिकणाऱ्याने काम करावे की नाही, यावर शहाण्यांनी खुशाल वाद घालावा. पण तुमच्या वर्गात कोणी कष्ट करून शिकत असेल, तर त्याच्या ओझ्यातले थोडे तुम्ही उचला. तेवढे होत नसेल, तर गप्प बसा. पण त्याला मान खाली घालायला सांगू नका. तो घालणार नाही.