एका खोलीतल्या दोन चुली

मंगलाबाईचा स्वभाव असा, की पोटात कितीही दुखो, चारचौघांत चेहरा हसरा पाहिजे. खानदेशातून सुरतेला आली, कापडाच्या लूमच्या खडखडाटात कान अर्धे गेले, पण हा ताठा काही गेला नाही. वरणात मीठ जास्त झालं एवढ्यावरून सून जयश्रीशी बिनसलं आणि एकाच खोलीत साडीचा पडदा लावून दोन संसार सुरू झाले. इकडे सासूचा स्टोव्ह, तिकडे मुलाचा, वाल्मिकचा. दिवाळी गेली, संक्रांत गेली, सासूसुनेत शब्द नाही.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर दुसऱ्या उन्हाळ्यात खाडीकाठची ही वस्ती हलवून इच्छापोरच्या बाजूला नवी घरं बांधायचं ठरलं. आराखड्याचं काम मिळालं देशोदेशी इमारती उभारणाऱ्या एका परदेशी कंपनीला. माणसं भली होती, हे सांगितलंच पाहिजे. त्यांची गोरी बाई प्रत्येक खोलीत मांडी घालून बसायची, माठ कुठे, अंथरूण कुठे, सगळं कागदावर रेखाटायची. झोपड्या मोजायच्या नाहीत, चुली मोजायच्या. जितक्या चुली तितकी घरं, असा त्यांचा नेम. हे फुटलं तर लोक चुली वाढवतील, म्हणून वस्तीत कुणाला सांगितलं मात्र नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात; इथे बैल दुसऱ्याचाच रिकामा राहिला.

बाई येणार कळताच मंगलाबाईने पडदा काढला आणि सुनेचा स्टोव्ह खाटेखाली सरकवला. पाहुणीसमोर घरची लक्तरं वेशीवर कशाला टांगायची? बाईबरोबरच्या दुभाष्याने विचारलं, स्वयंपाक एकत्र की वेगळा?

"आम्हना घरमा येकच चूल शे," मंगलाबाई म्हणाली आणि तिने जयश्रीच्या पाठीवर हात ठेवला. "ही मनी सून." मनी, म्हणजे माझी.

जयश्रीने मान खाली घातली. बाईने हसून कागदावर एक चूल काढली.

पावसाळा सरल्यावर नव्या घरांचा नकाशा वस्तीत लागला. दगा नावाच्या शेजाऱ्याकडे दोन घरं गेली, कारण त्याचा भाऊ त्याच खोलीत वेगळं शिजवायचा. मंगलाबाईच्या वाट्याला एक. स्वतःच्या घराची आस लावून बसलेला वाल्मिक कंपनीच्या ऑफिसात जाऊन भांडला. एकच चूल असं तुमच्या आईनेच सांगितलंय, हे तिथल्या माणसांकडून ऐकून तो परत फिरला. त्याने चलथाणच्या साखर कारखान्यात काम धरलं, तिथेच भाड्याची खोली घेतली आणि आईशी बोलणं सोडलं.

वाल्मिक-जयश्रीचं सामान टेम्पोत चढत होतं. मंगलाबाई इतक्या महिन्यांनी आपणहून सुनेजवळ गेली. मी खोटं बोलतेय हे तुला ठाऊक होतं, मग तू का गप्प बसलीस, असं तिने विचारलं.

"आत्याबाई, तुम्ही माले पयल्यांदाच मनी म्हन्नात," जयश्री म्हणाली. "मंग मी कशी बोलू?"

जाऊ नकोस, एकाच घरात राहू, एकत्रच शिजवू, हे मंगलाबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण टेम्पोभोवती सगळी वस्ती जमली होती. तिने पदर सारखा केला, सांभाळून जा म्हणाली आणि हसली.