तळ्यात कापलेले दार

खाणीची मालगाडी बंद पडून बराच काळ लोटला होता आणि रुळांमध्ये गवत माजले होते. त्या उपेक्षित मार्गावर सायकलींसाठी निसर्गरम्य वाट होणार, ही वार्ता कामगार वस्तीत आली, तेव्हा सर्वाधिक हर्ष फायरमनकाकांना झाला. ज्या इंजिनाच्या पोटात कोळसा लोटण्यात त्यांचे तारुण्य खर्ची पडले, त्याच्याच वाटेवर पुनश्च चाके फिरणार होती. वस्तीच्या सभेत वाटेचे काम पाहणाऱ्या साहेबांनी सांगितले, की घरांची मागची बाजू उंच पत्र्यांनी झाकून त्यांवर देखावे रंगवले जातील. तेव्हा पहिली टाळी काकांचीच होती.

घोटाळा झाला तो तिथेच. त्या वस्तीतील घरांची तोंडे रुळांकडे होती. कामगार दारातून निघून थेट डब्यात चढत, म्हणून बांधणाऱ्याने उंबरे तिकडे ठेवले होते. रस्त्याच्या अंगाला होत्या त्या मोऱ्या आणि गटार. वस्तीची समजूत अशी, की मोऱ्या झाकणार. साहेब मात्र रस्त्याने आलेले. त्यांना रुळांकडली बाजू ही पाठच वाटली.

रूळ उखडले गेले, वाट गुळगुळीत झाली, आणि एके सकाळी काकांच्या दारासमोर पत्र्यांची रांग उभी राहिली. काकूंच्या गुडघ्यांनी केव्हाच राम म्हटला होता. उंबऱ्यात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याची खबरबात घेणे, चार टोमणे मारणे, हेच त्यांचे जग होते. ते जग आता नाकासमोर पत्रा होऊन उभे राहिले.

काका तडक कार्यालयात गेले. साहेब वयाने लहान आणि बोलण्यात गोड होते. त्यांनी पाणी दिले, नकाशा पसरला, चूक झाल्याचेही मान्य केले. परंतु मंजूर कामात आता फेरफार होणे नाही, असे म्हणाले.

"आणि काका, तुम्हाला दुसरं दार आहेच की."

"आहे ना, मोरीतून. तुमच्याकडे पाहुणे मोरीतून येतात का हो?"

साहेब हसले. पत्रे मात्र जागचे हलले नाहीत.

काका खाली मान घालून घरी परतले, ते काकूंना रुचले नाही.

"पलीकडे तो पेंटर तळं काढतोय म्हणे. इकडून मला नुसते खिळे दिसतात."

"मग मी काय करू?"

"इंजिनात कोळसा घालताना कुणाला विचारायचात?"

"ड्रायव्हरला."

"मग आता मी ड्रायव्हर. घाला."

काकांनी शेजारणीकडून पत्रा कापायची कात्री आणली आणि उंबऱ्यासमोरच कापायला आरंभ केला. पत्रा असा किंचाळला, की पलीकडला पेंटर ब्रश टाकून मागे सरला. मग पात्याचे टोक तळ्यातून वर आलेले पाहून तो शांतपणे म्हणाला, "जरा डावीकडून घ्या काका. तिथं होडी आहे." काकांनी होडी वाचवली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या माणसांनी ती दाराएवढी फट ठोकून बंद केली. माणसे वळणापलीकडे जातात न जातात, तोच काकांनी ती पुन्हा कापली. अखेर साहेब स्वतः नोटीस घेऊन आले.

काकूंनी खुर्चीवरूनच त्यांना आत येऊन बसण्याचा आग्रह केला. परंतु साहेब वाटेवरच उभे राहून वाचू लागले. सार्वजनिक मालमत्तेची हानी, दंड, कारवाई. काका तळ्याच्या मधोमध कात्री घेऊन उभे होते. ते अदबीने ऐकत होते आणि तसूभरही हटत नव्हते.

इतक्यात पत्रा पुन्हा किंचाळला. काकांची कात्री तर स्थिर होती. साहेबांनी मान वळवली. शेजारच्या पत्र्यावरील डोंगर पायथ्यापासून फाटत गेला आणि त्यातून शेजारीण एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात कपड्यांची बादली घेऊन बाहेर आली. त्याच्याही पुढच्या पत्र्यावर रंगवलेल्या झाडीमागे कुणीतरी ठोकाठोक करीत होते.

साहेब वाचायचे थांबले.

"वाचा, साहेब," काका म्हणाले. "मोठ्यानं वाचा. अजून पुष्कळजण यायचेत."