आधी तू सोड

पंधरा एप्रिल उजाडला तरी इंग्रिडचं ठरत नव्हतं, आणि आता तिला सगळ्यांचाच राग यायला लागला होता. तत्त्वज्ञानाच्या पीएचडीला कुठे जाणार ते देशभरातल्या पोरांनी आजपर्यंत कळवायचं, अशी रीत. ही रीत काढणाऱ्यावर स्वतः निवडायची वेळ कधी आली नसणार.

किनाऱ्यावरच्या विद्यापीठाने तिला जागा दिली होती. तिथे सगळे तर्कशास्त्रवाले. फळाभर चिन्हं लिहायची आणि त्यातच खूश. इंग्रिडला काम करायचं होतं ते वचनावर. दिलेला शब्द माणसाला का बांधतो? यावर सगळं आयुष्य घालवलेल्या बाई होत्या टेकडीवरच्या विद्यापीठात, आणि तिथे इंग्रिड प्रतीक्षा यादीत पहिली. कुणी जागा सोडली तरच आत.

तिने कॉलेजातल्या हॉलोवे सरांना गाठलं.

"सर, कुठलं चांगलं?"

"चांगलं म्हणजे काय, यावर ते अवलंबून आहे."

"मला आज कळवायचंय हो!"

"छान. आता कळवणं म्हणजे काय..."

ती दार आपटून बाहेर पडली. आईला फोन केला. आई म्हणाली, "किनाऱ्यावर जा, इंगी. नोकरी दोन्हीकडे लागायची नाहीच, निदान हवा तरी बरी मिळेल."

हवा! इंग्रिडने डोक्याला हात लावला.

मग तिला डेझ्मंड आठवला. मार्चमध्ये टेकडीवर सगळ्यांना भेटीला बोलावलं होतं, तेव्हा दोघं एकाच विद्यार्थ्याच्या घरी उतरले होते. त्याला टेकडीवर जागा मिळाली होती, तरी पठ्ठ्या चेहरा पाडून फिरत होता. तिने त्याला फोन लावला.

"टेकडी कुणाला हवीये?" डेझ्मंड वैतागून म्हणाला. "मी तर्कशास्त्रवाला. किनाऱ्याच्या यादीत पहिला आहे मी. तिथे कुणीतरी गाढव जागा अडवून बसलंय."

"ते गाढव मी आहे."

दोघं पोट धरून हसले. महिनाभरात इंग्रिड पहिल्यांदाच इतकी हसली होती.

"मग सोपं आहे की," ती म्हणाली. "तू मला हवी ती जागा सोड, मी तुला हवी ती सोडते."

"सोड."

"आधी तू सोड."

हसणं थांबलं. सोडलेली जागा परत मिळत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. एकाने सोडली आणि दुसऱ्याने नाही, तर पहिला दोन्हीकडून गेला. शेवटी ठरलं, चारच्या ठोक्याला दोघांनी नकार पाठवायचा.

"शब्द?"

"शब्द."

चार वाजले. नकाराचं पत्र लिहून तयार होतं, फक्त बटण दाबायचं. पण त्याने नाहीच पाठवलं तर? वर्षभर गावातल्या हॉटेलात कॉफी ओतायची? आधी टेकडीचं पत्र येऊ दे, तिने ठरवलं, ते आलं की लगेच पाठवते. पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न.

फोन वाजला. "पाठवलंस?" डेझ्मंडने विचारलं.

"हो. तू?"

"केव्हाच."

ती वाट बघत बसली. पत्र आलं नाही. पाच वाजले, सहा वाजले, तिचा पारा चढत गेला. "खोटारडा मेला!" ती भिंतीला म्हणाली. तेवढ्यात परत फोन.

"इंग्रिड, तू खोटं बोललीस."

"कशावरून?"

"मला पत्र आलेलं नाही."

"मलाही नाही."

यावेळी कुणी हसलं नाही.

"अजून वेळ आहे," तो म्हणाला.

"आहे ना. सोड."

"आधी तू."

तिने फोन ठेवला, आणि त्या संतापातच किनाऱ्याला होकार पाठवून दिला.

सप्टेंबरात किनाऱ्यावर पहिला वर्ग भरला. फळा चिन्हांनी आधीच भरला होता. सरांनी एकेकाला नाव आणि विषय विचारला. डेझ्मंडला हव्या असलेल्या त्या खुर्चीतून इंग्रिड उठली.

"वचन," ती म्हणाली. "दिलेला शब्द माणसाला का बांधतो, ते."

"बांधतो का पण?" सरांनी सहज विचारलं.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिला उत्तर माहीत होतं. ती खाली बसली.