तुमच्याकडे चालतं ना

मेघना पेडणेकर बाईंचा दिवस तुळशीला पाणी घालून आणि स्तोत्र म्हणून सुरू व्हायचा. तो तसा सुरू झाला की आपल्या हातून दिवसभर काही वावगं घडणार नाही, अशी त्यांची आपली एक समजूत होती. घराणं मालवणकडचं, एरवी बांगड्याशिवाय घास न उतरणारं. पण चातुर्मास लागला की त्यांच्या लालबागच्या घरात मासळी बंद, कांदा-लसूण बंद, आणि अंडं तर नजरेसमोरही नको. त्यांचे यजमान जयवंतराव हे महिने कसेबसे ढकलायचे. बाई मात्र नेमाच्या पक्क्या. आवाज कधी चढायचा नाही, कुणाला अरे-कारे नाही. परळच्या ज्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, तिथली मुलं म्हणायची, पेडणेकर बाई ओरडल्या तरी कळत नाही.

त्या आठवड्यात सातवीला हवा आणि तापमान शिकवायचं चाललं होतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडाला फुगा लावून बाटली गरम पाण्यात धरली, तसा मेल्यासारखा लोंबणारा फुगा हळूहळू उठून बसला. बर्फाच्या पाण्यात धरल्यावर परत मान टाकून पडला. मुलं खूश. बाईंनाही हुरूप आला आणि त्या बोलून गेल्या, की उद्या याहून गंमत दाखवते, उकडलेलं सोललेलं अंडं आपोआप बाटलीत शिरतं. फक्त अंडं कुणीतरी आणायला हवं.

श्रावण होता. निम्म्या वर्गाच्या घरी अंडं नव्हतं, आणि बाईंनी तर स्वतः आणणं शक्यच नव्हतं. त्यांची नजर वर्गावरून फिरत फिरत खिडकीजवळच्या बाकावर थांबली. तिथे संघमित्रा गमरे बसायची. नायगावच्या बीडीडी चाळीतली मुलगी, प्रयोग म्हटला की पुढे सरसावणारी.

"संघमित्रा, तू आण गं," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे चालतं ना."

मागून मयूर म्हणाला, "ट्रेच्या ट्रे असतील, बाई." वर्ग हसला. बाईंनाही जरासं हसू आलं.

संघमित्रानं एकदा मागे वळून पाहिलं. मग म्हणाली, "हो बाई."

दुसऱ्या दिवशी तिनं स्टीलच्या डब्यातून सोललेलं अंडं आणलं. बाईंनी सगळं तिच्याच हातून करून घेतलं. आपण पदर आवरून टेबलापासून लांब उभ्या राहिल्या आणि तिथून सांगत गेल्या. रुंद तोंडाच्या बाटलीत गरम पाणी घाल, हलव, ओतून टाक, आता चटकन अंडं तोंडावर ठेव. अंडं आधी नुसतं बसून राहिलं. मग थरथरलं, लांबुळकं झालं आणि गप्पकन आत गेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाटलीनं अंडं ओढलं नाही, बाई टेबलाजवळ येत समजावू लागल्या; आतली हवा थंड होऊन आकसली, तिचा दाब कमी झाला, म्हणून बाहेरच्या हवेनं अंडं आत ढकललं. हे पुस्तकात कुठे आहे ते बघायला संघमित्रानं टेबलावरच्या बाईंच्या पुस्तकाकडे हात नेला, आणि त्याच क्षणी बाईंनी ते आपल्याकडे ओढून घेतलं.

"आधी हात धुऊन ये," त्या म्हणाल्या. अगदी मऊ आवाजात.

मुलं बाटलीभोवती गर्दी करून होती. कुणाचं लक्ष गेलं नाही.

शनिवारी पालकसभा होती. संघमित्राची आई, नम्रता, पांढऱ्या साडीत आली. इथून परस्पर विहारात जायचं होतं, म्हणून उशीर करू नका असं तिनं आल्याआल्याच सांगितलं. मुलीच्या मार्कांचं बोलणं झालं. बाईंनी तोंडभरून कौतुक केलं, परवाचा प्रयोग किती छान केला तेही सांगितलं.

"हो ना," नम्रता म्हणाली. "रात्री शेजारच्या काकूंकडे जाऊन उकडून आणलं. आमचा वर्षावास चालू आहे ना, बाई. पौर्णिमेपासून तीन महिने. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, यंदा वाचायला मीच बसते. घरात अंडं-मटण आणत नाही आम्ही या दिवसांत. पण ती म्हणाली, बाईंनी सांगितलंय. मग म्हटलं, शाळेचं काम आहे, ने."

तक्रारीचा सूर नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं. नम्रता नमस्कार करून निघून गेली आणि बाई पुढच्या पालकांसमोर भलत्याच मुलाची मार्कलिस्ट धरून बसल्या.

घरी आल्यावर त्यांनी देवापुढे दिवा लावला, पण स्तोत्राच्या ओळी मधूनच निसटायला लागल्या. आपला नेम मोडू नये म्हणून आपण दुसऱ्या घराचा मोडला. आणि तोही कुणाला न विचारता, हसून. त्याहून जास्त टोचत होतं ते पुस्तक. अंड्याचा हात लागू नये म्हणून ओढलं, असं त्या मनाला सांगून पाहत होत्या. मग मयूरचा असता तर? मयूरच्या हाताला अंडं लागलेलं असतं तर त्यांनी असंच झटकन ओढलं असतं का? याचं उत्तर त्यांना देवापुढे बसूनही देववेना.

त्या जेवल्या नाहीत. जयवंतरावांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, पुस्तकाचं तेवढं सोडून. ते म्हणाले, पोरं विसरतात गं, उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. बाई म्हणाल्या, उद्यापासून एक वेळ जेवेन, देवाला सांगितलंय. तसे जयवंतराव पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "देवाला सांगून काय होणार, मेघना? अंडं काय त्याच्याकडून मागवलं होतंस?"

बाईंना राग आला. बोलण्यात चूक काहीच नव्हती, म्हणून जास्तच आला.

सोमवारी पहिल्या तासाआधी त्यांनी संघमित्राला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. दार लोटून घेतलं. आईनं सांगितलं मला, त्या म्हणाल्या. मला ठाऊक नव्हतं गं, माझं चुकलं. तू तेव्हाच का नाही सांगितलंस?

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांना कळलं, की आपण माफी मागता मागता दोष तिच्याच पदरात घालतोय.

संघमित्रा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "सगळे हसत होते, बाई," ती म्हणाली. मग खालीच बघत, "तुम्ही वर्गात बोलला होतात ना ते. आता इथे एकटीलाच सॉरी म्हणताय."

वर्गासमोर बोलावं लागणार, हे बाईंना कळलं. सव्वीस वर्षांत वर्गापुढे त्यांना कधी भीती वाटली नव्हती. त्या मुलीला त्या म्हणाल्या, जा, वर्गात जाऊन बस, मी येते. आणि ती गेल्यावर बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. दांडी मारून घरी जावं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

वर्गात शिरल्या तेव्हा मुलं उभी राहिली, बसली. बाईंनी पुस्तक उघडलं नाही. त्या म्हणाल्या, गेल्या आठवड्यात मी संघमित्राला अंडं आणायला सांगितलं ते चुकीचं होतं. तिच्या घरीही सध्या व्रत चालू आहे. मी तिच्या घराबद्दल मनानंच ठरवून टाकलं आणि तुमच्यासमोर बोलले. तुम्ही हसलात, तेव्हा मीही हसले.

मयूरनं हात वर केला. त्यात खोडी नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं. "पण बाई, तुम्ही तिला विचारलं का नाही?"

"विचारायची गरजच वाटली नाही मला," बाई म्हणाल्या. "तेच चुकलं."

इथे थांबता आलं असतं. संघमित्रानं प्रयोगशाळेत पुस्तकाचा शब्द काढला नव्हता, वर्गाला ते माहीतच नव्हतं. पण अर्धंच सांगून थांबलं तर ही माफी आपल्या सोयीची होईल, असं बाईंना वाटलं.

"आणि त्या दिवशी हिनं माझ्या पुस्तकाकडे हात नेला, तेव्हा मी ते ओढून घेतलं. तसं करायला नको होतं."

आतापर्यंत वहीवर झुकलेली संघमित्राची मान वर आली. बाईंना वाटलं होतं, तिला थोडं हलकं वाटेल. पण तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं, आणि ते काय ते कळायला बाईंना वेळ लागला नाही. इतके दिवस त्या पोरीनं स्वतःची समजूत घातली असणार, की बाईंनी पुस्तक सहज उचललं, आपल्यालाच उगाच तसं वाटलं. ती समजूत बाईंनी आत्ता सगळ्यांसमोर काढून घेतली होती.

तिनं मान परत खाली घातली. बाईंनी फळ्याकडे वळून खडू हातात घेतला, आणि पाठमोऱ्या तशाच उभ्या राहिल्या.