कापलेले प्रश्न

आमच्या सपाट मुलखात गावापासून लांब, शेतातल्या सुट्या घरांत राहणारी माणसं तेव्हा कमी होत चालली होती. एटेल्का मावशी मात्र नवरा गेल्यावरही तिथंच राहिली. घरात वीज नाही, हाकेच्या अंतरावर शेजार नाही. मी सायकलवरून टपाल वाटायचे; तिला कुणी पत्र लिहीत नसे, तरी येता-जाता मी डोकावायचे.

एका हिवाळ्यात बुडापेस्टहून तीन माणसं तिच्यावर माहितीपट काढायला आली. दिग्दर्शकाचं नाव लोरिन्त्स. चाळिशीचा, किडकिडीत, सतत सिगारेट ओढणारा. बर्फानं रस्ता बंद झाला आणि तिघं तिच्याकडेच अडकली. मावशीनं चुलीशेजारी गाद्या घातल्या. रोज पातेलंभर राजम्याचं सूप शिजायला लागलं.

एकदा मी बर्फ तुडवत पायीच गेले तर आतून हसण्याचा गोंगाट. लोरिन्त्स कॅमेऱ्याच्या पायाशी मांडी घालून बसला होता.

"मावशी, लग्नात नवऱ्यानं तुमच्या पायावर पाय दिला, मग?"

"मग काय! मी पण दिला. टाचेनं!"

मावशीला एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. पोटात वारलेल्या बाळाबद्दलही तिनं त्याला सांगितलं. ते मलाही ठाऊक नव्हतं. बोलता बोलता ती रडली, तेव्हा लोरिन्त्सनं उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. कॅमेरा चालूच होता.

रस्ता मोकळा झाला नि ती तिघं निघून गेली.

पुढच्या वर्षी आमच्या गावच्या सभागृहात तो माहितीपट दाखवला. मावशी काळा रुमाल बांधून पहिल्या रांगेत बसली, मी तिच्या शेजारी. लोरिन्त्स मुद्दाम आला होता.

पडद्यावर बर्फ, विहीर, मग मावशीचा चेहरा. ती लग्नाचं सांगत होती, हसत होती, पण समोर कुणीच नव्हतं. प्रश्न नाहीत, इतरांचं हसू नाही. बाळाचं सांगून ती रडली आणि कॅमेरा तिच्याकडे बघत राहिला. खांद्यावरचा हात आलाच नाही. मग रिकामं शेत, लांबच लांब.

लोक डोळे पुसत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "किती एकटी गं बिचारी!"

दिवे लागल्यावर मावशी उठली. "लोरिन्त्स, तू कुठं होतास?"

"मावशी, आम्ही दिसायचं नसतं. लोकांनी तुम्हालाच पाहावं म्हणून..."

"अरे, पण मी बोलत कुणाशी होते? भिंतीशी? वेडी दिसतेय मी!"

"तुमचं एकटेपण दिसावं, म्हणून कापले प्रश्न."

"एकटेपण इतर दिवशी होतं. त्या दिवशी तर तुम्ही होतात ना घरात!"

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मावशी त्या गलक्यातूनच बाहेर पडली. घरापर्यंत मी सायकल हातात धरून तिच्यासोबत चालले.

त्या माहितीपटाला परदेशात बक्षीस मिळालं, असं रेडिओवर सांगितलं. मी मावशीला कळवलं. "बरं झालं," म्हणाली आणि मटार सोलत राहिली.

उन्हाळ्यात लोरिन्त्स एकटाच आला. कॅमेरा नाही, सोबतीला कुणी नाही. मी अंगणात पाणी पीत होते. मावशीनं त्याला तिथंच स्वतःच्या खुर्चीत बसवलं, जर्दाळूची दारू दिली आणि समोर स्टूल ओढून घेतलं.

"आता तू सांग. आई आहे?"

"होती."

"बायको?"

"गेली. म्हणजे, सोडून गेली."

"का रे?"

तो ग्लास फिरवत बसला. मावशीनं घाई केली नाही. शेवटी तो म्हणाला, "मावशी, मला हे सांगता येत नाही," आणि बसची वेळ झाली म्हणून उठला.

ती त्याला हमरस्त्यापर्यंत सोडून आली. परतल्यावर न पिता ठेवलेला त्याचा ग्लास तिनं उचलला, दारू बाटलीत परत ओतली.

"येईल का गं परत?" तिनं विचारलं.

"येईल की," मी म्हटलं.

तो आला नाही. पुढची काही वर्षं, मी त्या वाटेनं गेले की मावशी आधी रस्त्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे.