दुसरं सेंट मार्टिन

शनिवारी शाळा लवकर सुटते. सिंधीपुऱ्यातल्या घरी येऊन निर्मलानं साडी बदलली, कुकर चढवला आणि फोन हातात घेतला, तर रश्मीचा मेसेज येऊन पडलेला. सोबत एक फोटोही होता. ‘आई, सेंट मार्टिनला पोचले. चर्चपाशी बसलेय. मादाम घ्यायला येतीलच. बॅटरी संपत आलीय, काळजी करू नको.’

निर्मलानं देवापुढे हात जोडले. रश्मी तिची एकुलती एक मुलगी. फळप्रक्रिया शिकायला फ्रान्सला गेली त्याला वर्ष होत आलं होतं. कॉलेजला सुट्टी लागली तशी तिनं सफरचंद तोडणीचं काम धरलं होतं. बागेची मालकीण, म्हणजे ही मादाम, ओदील नावाची बाई, गाव सेंट मार्टिन. रश्मी ते नाव नाकातून काहीतरी वेगळंच म्हणायची, पण निर्मलाच्या तोंडी ते सेंट मार्टिनच बसलं होतं. रश्मी बागेवर निघण्याआधी निर्मलानं हट्ट धरून त्या मालकिणीचा नंबर घेतला होता आणि आपला तिला द्यायला लावला होता.

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि त्याच नंबरावरून मेसेज आला. मोडकंतोडकं इंग्रजी. ‘मी सेंट मार्टिनच्या चर्चसमोर उभी आहे. बराच वेळ झाला. रश्मी कुठे आहे?’

निर्मलानं तो दोनदा वाचला. मग रश्मीचा फोटो उघडला. दगडी चर्च, दोन पायऱ्या, पायरीवर रश्मीची लाल बॅग. दोघीही एकाच चर्चसमोर, आणि एकमेकींना दिसत नाहीत, हे कसं? तिनं रश्मीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. कुकर शिट्ट्या देत राहिला, शेवटी करपल्याचा वास आला तेव्हा तिनं गॅस बंद केला आणि तशीच पायात चपला सरकवून शेजारच्या पूर्णिमाकडे गेली.

पूर्णिमा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. रश्मीच्या पासपोर्टपासून प्रवेशापर्यंत सगळी धावपळ तिनंच केली होती. तिनं दोन्ही मेसेज पाहिले, लॅपटॉप उघडला, नाव टाकलं आणि स्क्रीनकडं वाकून पाहू लागली.

“काय झालं?” निर्मलानं विचारलं.

“काकू, घाबरू नका. पण हे एक गाव नाही. सेंट मार्टिन नावाची गावं तिकडं शेकड्यानं आहेत. हे बघा ना, पूरा नक्शा भरलाय.”

स्क्रीनवर लाल ठिपक्यांची नुसता गोवर उठला होता. समुद्राकाठी, डोंगरात, मधल्या सपाट मुलुखात, जिथं पाहावं तिथं सेंट मार्टिन.

“एवढ्या गावांना एकच नाव? लोकांना कळतं कसं?”

“आपल्याकडे नाही का बोरगाव बुजुर्ग, बोरगाव खुर्द? तसंच. पुढे काहीतरी शेपूट असतं. नदीकाठचं सेंट मार्टिन, टेकडीवरचं सेंट मार्टिन. रश्मी कशानं गेली?”

“कुणाच्या तरी गाडीत. तिकडं म्हणे अ‍ॅपवर गावाचं नाव टाकायचं, त्या बाजूला जाणारा माणूस आपल्याला घेऊन जातो.”

“म्हणजे तिनं शेपूट टाकलंच नसेल. तो बिचारा त्याच्या सेंट मार्टिनला जात होता, तिथं उतरवून दिलं असेल.”

परक्या देशात, परक्या गावात, बंद फोन घेऊन पोरगी एका पायरीवर बसली होती. आणि आपण चुकीच्या गावात आहोत हेसुद्धा तिला अजून ठाऊक नव्हतं.

फोटोत चर्चच्या भिंतीवर एक मूर्ती होती. घोड्यावर बसलेला शिपाई, हातात उपसलेली तलवार, आणि घोड्याच्या पायाशी एक उघडाबंब माणूस. निर्मलाला ती पाहवेना. “हे काय मारामारीचं लावलंय देवळावर?”

पूर्णिमानं शोधून सांगितलं, “मारत नाहीये काकू. हेच ते संत मार्टिन. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला देण्यासाठी अंगावरचं पांघरूण अर्धं कापताहेत. पण याचा उपयोग नाही. त्या नावाच्या गावांत हीच मूर्ती असणार.”

तेवढ्यात निर्मलाचा फोन वाजला. तिचा जीव उडाला. पण फोन प्रभाकरचा होता, तिच्या नवऱ्याचा. त्याचं बसस्टँडजवळ पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं.

“रश्मी पोचली का?” त्यानं विचारलं.

“पोचली,” ती म्हणाली.

“बोलली का?”

“मेसेज आला.”

“बरं,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

ती खोटं बोलली नव्हती, पण सगळं सांगितलंही नव्हतं. रश्मीनं एवढ्या लांब जावं हे प्रभाकरच्या मनात नव्हतं. इंदूरला शिक, भोपाळला शिक, असं तो महिनाभर म्हणत होता. निर्मला पोरीच्या बाजूनं उभी राहिली, भावकीतल्या बोलणाऱ्यांना तिनं गप्प केलं. शेवटी प्रभाकर म्हणाला होता, ‘पाठव. पण उद्या काही झालं तर मला विचारू नको.’ तेव्हा तिनं ताठ मानेनं ‘नाही विचारणार’ म्हटलं होतं. आता तेच शब्द तिला आठवले.

पूर्णिमानं तोवर फोटो मोठा करकरून पाहिला होता. चर्चच्या कोपऱ्याआड एक पाटी होती, तिचं फक्त टोक दिसत होतं. चार अक्षरं. पूर्णिमानं ती भाषांतरात टाकली.

“जंगल,” ती म्हणाली.

“काय?”

“या शब्दाचा अर्थ जंगल. म्हणजे जंगलाकडचं सेंट मार्टिन.”

निर्मलानं पदर तोंडाशी धरला. असीरगडच्या उतारावरचं झाडोऱ्याचं रान तिच्या डोळ्यांपुढं आलं, जिथं दुपारी चारनंतर ती स्वतःसुद्धा थांबली नसती.

“काकू, हे चांगलंच आहे. आता शोधायला धागा मिळाला.” पूर्णिमानं फोटो आणि तो शब्द ओदीलला पाठवला, मग सरळ फोनच लावला आणि मधे मोबाईलचं भाषांतर ठेवून तिला सगळं समजावलं. ओदीलचा आवाज जाडा होता, बोलणं भरभर. मोबाईल एकेक वाक्य कोरड्या हिंदीत सांगत गेला. माझं गाव नदीकाठचं आहे. इथं अशी चूक नेहमी होते, दुसऱ्यांची पार्सलं माझ्याकडे येतात. तुम्ही थांबा. मी जंगलवाल्या गावांत फोन करते.

थांबा म्हणणं सोपं होतं. निर्मला घरी आली. कुकर उघडला, करपलेला भात पाहिला, पुन्हा झाकण लावलं. खिडकीत उभी राहिली. खाली नेहमीसारखी शनिवारची वर्दळ होती, केळ्यांच्या घडांनी लादलेला टेम्पो गल्लीत अडकला होता आणि मागचे लोक हॉर्न मारत होते. दर दोन मिनिटांनी ती रश्मीला फोन लावत होती आणि दर वेळी तीच परकी बाई तीच परकी ओळ म्हणत होती. नको नको ते मनात येत होतं. भूक लागली असेल. कुणी येऊन काही विचारलं तर? चल म्हणालं तर? ती कुणाच्या गाडीत बसणार नाही, निर्मलानं स्वतःला बजावलं. मग आठवलं की ती आलीच होती अनोळखी माणसाच्या गाडीतून.

बऱ्याच वेळानं पूर्णिमा जिना चढून आली. चेहऱ्यावरूनच निर्मलानं ओळखलं की बातमी अर्धीच आहे.

“गाव सापडलं काकू. ओदील मॅडमनं तिथल्या बेकरीत फोन केला. बेकरीवाली चर्चपाशी जाऊन आली.”

“मग?”

“तिनं रश्मीला पाहिलं होतं. लाल बॅग, बराच वेळ बसलेली. पण आता तिथं कोणी नाही. ती म्हणाली, थोड्या वेळापूर्वी मुलगी एका करड्या गाडीत बसून गेली. एक म्हातारा गाडी चालवत होता.”

“कोण म्हातारा?”

“तिनं पाठमोराच पाहिला. ओळखू नाही आला.”

निर्मलानं फोन उचलला आणि प्रभाकरला लावला. आता आणखी लपवणं तिला जमणार नव्हतं. “घरी या,” ती म्हणाली, “रश्मी दुसऱ्याच गावात उतरली आणि आता कुठं आहे ते ठाऊक नाही.” पलीकडून फक्त शटर ओढल्याचा आवाज आला.

तो आला तो घामानं भिजलेला. पूर्णिमानं थोडक्यात सगळं सांगितलं. निर्मला भिंतीला टेकून उभी होती आणि वाट पाहत होती, तो आता म्हणेल, आता म्हणेल. प्रभाकरनं तो फोटो घेतला आणि पाहत राहिला.

“तिकडच्या पोलिसांना कळवायचं कसं?” एवढंच त्यानं पूर्णिमाला विचारलं.

“ओदील मॅडम कळवू राहिल्या काका. त्यांनीच सांगितलं.”

तिघंही बसून राहिली. चहा झाला, तसाच निवला. उन्हं उतरू लागली तेव्हा निर्मलाच्या फोनवर एक लांबलचक अनोळखी नंबर उमटला. तिला तो उचलवेना. प्रभाकरनं उचलून स्पीकरवर टाकला.

“आई?”

प्रभाकरच बोलला. “रश्मी, कुठं आहेस बेटा?”

“पप्पा, माझी मोठी चूक झाली. मी दुसऱ्याच सेंट मार्टिनला आलेय. इथं एक आजोबा चर्चला कुलूप लावायला आले, त्यांनी विचारलं तेव्हा कळलं. त्यांच्या घरी आहे. हा त्यांचा घरचा फोन आहे, माझा चार्जिंगला लावलाय. मला आईचाच नंबर पाठ होता.”

“तू त्यांच्या गाडीत बसलीस?” निर्मलानं मधेच विचारलं.

“आजीबाई पण होत्या गाडीत, मागच्या सीटवर. त्या नसत्या तर नसते बसले आई, खरंच.”

ओदीलचं गाव तिथून अर्ध्या देशाइतकं लांब होतं. तिकडं जाणारी गाडी सकाळीच निघून गेली होती, आज जायला काही मिळणार नव्हतं. म्हातारा-म्हातारी म्हणत होती, रात्री इथंच राहा, उद्या पाहू. रश्मी घाईघाईनं बोलत होती, शेवटी तिनं विचारलं, “राहू का?”

प्रभाकरनं निर्मलाकडं पाहिलं. “तू सांग,” तो म्हणाला.

टाकून बोलला की खरंच विचारतोय, हे तिला क्षणभर कळेना. पण त्याच्या नजरेत टोमणा नव्हता. तो तिच्यासारखाच भ्यायला होता, आणि त्याला कुणीतरी ठरवायला हवं होतं.

“खोलीला आतून कडी आहे का?” निर्मलानं विचारलं.

“आहे. बघितली.”

“तुला कसं वाटतंय तिथं? खरं सांग.”

“गाडीत बसले तेव्हा भीती वाटत होती. आता नाही वाटत. यांनी सूप केलंय, माझी वाट बघत बसलेत.”

“आजीबाईंना फोन दे.”

पलीकडं हालचाल झाली. मग एक कापरा, म्हातारा आवाज आला. काहीतरी लांबलचक बोलला. निर्मलाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण बाई घाईत नव्हती, मधे थांबत होती, जणू समोरचीला कळेपर्यंत थांबायची तिची तयारी होती.

“ताई,” निर्मला मराठीतच म्हणाली, “एकच पोरगी आहे माझी. तिला जपा.”

त्या बाईनं ‘रश्मी’ असा शब्द उच्चारला, वेडावाकडा, पण पुन्हा पुन्हा, आणि पुढं काहीतरी हळू आवाजात सांगितलं.

फोन परत रश्मीकडं गेला. “राहा,” निर्मला म्हणाली. “आत गेलीस की कडी लाव. ओदीलबाईंना आधी कळव. आणि सकाळी उठल्या उठल्या मला फोन.”

पूर्णिमा ओदीलला सांगायला आपल्या घरी गेली. प्रभाकर तसाच बसून होता. निर्मलानं विषय स्वतःच काढला, कारण तो मनात ठेवून तिला झोप लागली नसती.

“मीच राहा म्हणाले. उद्या काही झालं तर माझ्यावरच येईल.”

“तेव्हा बोललो ते सोड,” प्रभाकर म्हणाला. “मी रागात होतो. मी इथं असतो अन् तू नसतीस, तर मीही राहाच म्हटलं असतं. दुसरं काय म्हणणार होतो?” मग जरा वेळानं, “भात करपला वाटतं.”

“करपला.”

“वरचा वरचा काढ. दह्याशी खाऊ.”

दोघं जेवली. काळजी गेली नव्हती, फक्त आता ती दोघांत वाटून बसली होती. सकाळ लवकर उजाडली, पण तिकडची उजाडायला वेळ होता, आणि तेवढा वेळ प्रभाकर दुकानाच्या किल्ल्या हातात खेळवत घरातच घुटमळला. रविवारी दुकान बंद असतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

रश्मीचा फोन आला तेव्हा ती त्यांच्या स्वयंपाकघरात ब्रेड खात होती. दुपारपर्यंत आजोबांनी तिला स्टेशनावर सोडलं, आजीबाईंनी डब्यात चीज आणि उकडलेली अंडी दिली. ओदील दुसऱ्या टोकाला फलाटावरच येऊन उभी राहिली होती. म्हणाली, आता चर्चवर माझा भरवसा नाही.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर रश्मीनं बाग दाखवली, तिकडं अजून ऊन होतं. झाडं बुटकी होती, फांद्या सफरचंदांनी वाकल्या होत्या. प्रभाकरनं झाडांमधलं अंतर विचारलं, पाणी कसं देतात ते विचारलं, आणि मोटर कोणती आहे ते दाखव म्हणून तिला विहिरीपर्यंत चालत नेलं. निर्मला मागं उभी राहून फक्त पोरीचा चेहरा पाहत होती. डोळ्यांखाली काळं दिसत होतं. झोप झाली नसावी. कडी लावून तिकडं तीही रात्रभर जागीच असणार, हे निर्मलाला आत्ता कळलं. पण विचारलं मात्र नाही.